पुंजण्याजवळ वीज पडली तेव्हा

माझे भासरे माझ्याशी बोलत नसत. भासरे म्हणजे नवऱ्याचे मोठे भाऊ. आमच्यात भांडण नव्हतं, राग नव्हता. घराची रीतच तशी होती. धाकट्या भावाच्या बायकोनं मोठ्या दिरासमोर डोक्यावर पदर घ्यायचा, समोरासमोर बोलायचं नाही, आणि अंगाला हात तर सोडाच, त्यांच्या टॉवेललाही आपला हात लागू द्यायचा नाही. त्यांचे कपडे जाऊबाई वेगळे धुवायच्या. ते अंगणात येण्याआधी फाटकाजवळ खाकरायचे, म्हणजे मी स्वयंपाकघरात सरकायचे.

मी नर्स आहे. कामठ्याच्या पलीकडे एका उपकेंद्रावर माझी नोकरी. दिवसभर अनोळखी माणसांना हात लावणं हेच माझं काम: गरोदर बायकांची पोटं तपासायची, लेकरांना सुया टोचायच्या, म्हाताऱ्यांच्या दंडाला बीपीचा पट्टा बांधायचा. आणि संध्याकाळी घरी आलं की एका माणसाच्या टॉवेलपासूनही लांब राहायचं. मैत्रिणी हसायच्या. मला त्याचं कधी ओझं वाटलं नाही. त्या घरानं माझी नोकरी बिनबोभाट मान्य केली होती, मीही त्यांची रीत मान्य केली होती.

शिवाय माणूस मनानं फार चांगला. पावसाळ्यात माझ्या वाटेवरचा नाला भरला की ते सकाळीच मोटारसायकलवर जाऊन पाणी बघून यायचे आणि अंगणात उभे राहून जाऊबाईंना म्हणायचे, "सांग तिले, आज तिकडून जाऊ नको म्हना." मी तिथेच, दाराआड उभी असायचे. जाऊबाई मान वळवून मला तेच सांगायच्या. मग मी हळूच म्हणायचे, मुर्री गावावरून फिरून जाईन. जाऊबाई परत त्यांना सांगायच्या. आमचं सगळं बोलणं असं त्या माउलीच्या तोंडून चालायचं, आणि तिला त्यात काही विशेष वाटत नसे. मात्र तिच्या तोंडून जाताना निरोप थोडा बदलायचा. घाईत असली की ती तिला महत्त्वाचं वाटेल तेवढंच पुढे द्यायची.

आमच्याकडे उन्हाळी धान असतं. माझं माहेर इटियाडोह धरणाच्या कालव्याकाठचं, त्यामुळे वैशाखाच्या उन्हात हिरव्यागार बांध्या, म्हणजे धानाची खाचरं, बघतच मी वाढले. सासरी कालवा नाही, बोअरचं पाणी आहे, पण पीक तेच. माझ्या लहानपणी उन्हाळ्यात वादळ यायचं ते एखाददुसरं. दुपारभर तापायचं, संध्याकाळी धूळ उडायची, चार टपोरे थेंब, थोडा गडगडाट, की दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच कोरडं ऊन. बाबा धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, उभे राहून ढगांकडे बघायचे आणि सांगायचे, हे नुसते बोलणारे ढग आहेत. बहुतेक वेळा ते खरं निघायचं.

आता तसं राहिलेलं नाही. आता फागुनातच गारा पडतात. चैतात आंब्याचा मोहोर झडतो. आणि धान कापणीला येतं नेमकं त्याच दिवसांत आठवड्याआड वादळ. सकाळी आभाळ घासून पुसून ठेवल्यासारखं असतं आणि दुपारी चार वाजता अंगणातलं काही दिसत नाही. बाबा आता ढगांकडे बघतात पण बोलत नाहीत. फोनवर मला विचारतात, तुझ्या मोबाइलमध्ये काय दाखवते?

त्या वर्षी आमचं धान चांगलं आलं होतं. कापणीचं यंत्र सांगून ठेवलं होतं, पण आधीच्याच आठवड्यात पडून गेलेल्या पावसानं खालच्या दोन बांध्यांत चिखल झाला आणि यंत्र आत उतरेना. तेवढं धान मजूर बायांनी विळ्यानं कापलं. कापलेल्या धानाच्या कडपा बांधीभर पसरून वाळत घातल्या होत्या. त्या दिवशी त्या गोळा करून, भारे बांधून, कोरड्या बांधीत पुंजणं रचायचं होतं. पुंजणं म्हणजे भाऱ्यांचा रचलेला मोठा ढीग. नीट रचून वर ताडपत्री टाकली की मळणीपर्यंत धान्याची काळजी नसते.

रविवार होता, मी घरी होते. माझा नवरा गोंदियाला राईस मिलमध्ये यंत्रांवर काम करतो, तो कामावर गेला होता. दुपार कलल्यावर जाऊबाई आणि मी चहाची किटली घेऊन वावरात गेलो. बाया भारे वाहत होत्या, भासरे पुंजण्यावर चढून भारे लावत होते. मी पदर सावरून धुऱ्याच्या कडेला थांबले आणि जाऊबाई चहा घेऊन पुढे गेल्या.

वारा पडला होता. उकाडा असा की श्वास घेतला तरी पुरेसा वाटू नये. धुऱ्यावरच्या मोहाच्या झाडाचं पान हलत नव्हतं. उत्तरेला बालाघाटकडचं आभाळ आधी मातकट झालं, मग बघता बघता वांग्याच्या सालीसारखं काळंजांभळं. आणि मग एकदम गार वारा अंगावर आला, लांब कुठंतरी पडलेल्या पावसाचा वास घेऊन. माझ्या हातातला मोबाइल थरथरला. आमच्या भागात वीज पडण्याचा इशारा होता. पण त्याची गरज नव्हती. वीज चमकणं आणि आवाज येणं यात आता फार अंतर उरलेलं नव्हतं.

मी जाऊबाईंना हाक मारली. म्हटलं, "ताई, त्यायले सांगा, खाली उतरा अन् घरी चला. ईज जवळ येऊन राहिली."

जाऊबाई पुंजण्याकडे तोंड करून ओरडल्या, "अहो, घरी चला म्हनते ते. पानी येऊन राहिलं."

विजेचं पाणी झालं. भासऱ्यांनी वरूनच उत्तर दिलं, "पानी येते म्हनूनच तर झाकून राहिलो."

मग मी वाट पाहिली नाही. मोठ्यानं मजूर बायांना सांगितलं की भारे आहेत तिथे टाका, विळे टाका आणि चला, मोहाखाली कोणी थांबू नका. त्या सगळ्या मला ओळखत होत्या. त्यांच्या लेकरांना मीच लसी दिल्या होत्या. त्या लगेच निघाल्या. एकीनं जाता जाता जाऊबाईंचा हात धरून त्यांनाही ओढलं. भासरेही उतरले. उतरले, पण ताडपत्रीचं एक टोक वाऱ्यानं सुटलं होतं, ते बांधायला वळले. मी पुन्हा ओरडले. या वेळी कोणाच्या मार्फत नव्हे. "राहू द्या ते, या इकडे," असं मी सरळ त्यांनाच म्हणाले. त्यांनी दचकून माझ्याकडे पाहिलं, इतकं मला आठवतं. बहुधा विजेपेक्षा माझ्या आवाजानंच ते दचकले असतील.

मग प्रकाश आणि आवाज एकाच वेळी आले.

मी गुडघ्यांवर बसलेली होते. कधी बसले ते कळलं नाही. कानांत एकसारखी शिट्टी वाजत होती. मोहाच्या झाडाची साल वरपासून खालपर्यंत सोललेली होती आणि तिथून वाफ निघत होती. पुंजणं जागच्या जागी होतं. त्याच्या आणि झाडाच्या मध्ये भासरे पाठीवर पडलेले होते, एक चप्पल पायात आणि दुसरी पार लांब.

मी धावले. माझ्या आधी शेजारच्या बांधीतले एक म्हातारे काका तिथे पोचले होते, पण हातभर अंतरावर थांबले होते. ते मला अडवत म्हणाले, "हात लावू नको बाई. अंगात करंट असते. शेनात ठेवावं लागते याले." ते घाबरलेले होते आणि त्यांना जे ठाऊक होतं ते सांगत होते. त्यांच्या लहानपणापासून गावात तेच करत आले होते. मी म्हणाले की करंट मघाशीच जमिनीत गेला काका, आता नुसता माणूस आहे.

भासऱ्यांचे डोळे अर्धवट उघडे होते. छाती हलत नव्हती. मी गळ्याशी बोटं ठेवली. काही नाही. तेव्हा मला कळलं की मी त्यांना हात लावला आहे. ते जाऊबाईंनीही पाहिलं. त्या धावत आल्या होत्या आणि माझ्यासमोर बसल्या होत्या, आणि त्या अवस्थेतही त्यांच्या तोंडून निघालं, "अगं तू... तू नको ना."

मला त्यांचा राग आला नाही. एवढ्या वर्षांची सवय होती, ती जीभ कशी सोडेल? मी पदर कमरेला खोचला, भासऱ्यांच्या सदऱ्याची बटणं तोडली आणि छाती दाबायला सुरुवात केली. दोन्ही हात एकावर एक, कोपर ताठ, सगळं वजन खाली. दवाखान्यात शिकवतात ते बाहुल्यावर. माणसाची छाती वेगळी लागते. ती आधी दाबली जात नाही, मग एकदम जाते, आणि आत काहीतरी कट्कन वाजलेलं ऐकू येतं. तिथे थांबायचं नसतं. मी थांबले नाही.

वीज पडलेल्या माणसाचं हृदय बरेचदा पुन्हा सुरू होतं, पण श्वास सुरू व्हायला वेळ लागतो, आणि त्या मधल्या वेळात माणूस जातो. म्हणजे नुसतं दाबून भागणार नव्हतं, तोंडानं हवा द्यायला हवी होती. मी जाऊबाईंना सांगितलं, नाक चिमटीत धरा आणि तोंडात फुंका, मी सांगेन तेव्हा. त्यांनी प्रयत्न केला. पण त्यांना रडू फुटलेलं, ओठ थरथरत होते, सगळी हवा गालावरूनच निघून जात होती. मी म्हणाले, "ताई, सरका. मी करतो." आमच्याकडे बाईही करतो म्हणते. त्या सरकल्या आणि त्यांनी भासऱ्यांचं डोकं आपल्या दोन हातांत धरलं, मी म्हटलं तसं, मागे वाकवून.

तेवढ्यात पाऊस आला आणि पावसामागून गारा. बोराएवढ्या गारा पाठीवर आदळत होत्या. परत वळून आलेल्या मजूर बायांनी ती सुटलेली ताडपत्री ओढून आणली आणि चार बाजूंनी धरून आमच्यावर छत केलं. आत अंधार, वर गारांचा असा आवाज की स्वतःचं बोलणं ऐकू येऊ नये. मी दाबत होते, फुंकत होते, पुन्हा दाबत होते. तोंडात त्यांच्या तंबाखूची चव आली. म्हाताऱ्या काकांनी ताडपत्रीचा एक कोपरा धरला होता आणि दुसऱ्या हातानं ते भासऱ्यांचे पाय चोळत होते. शेणाचं त्यांनी पुन्हा काढलं नाही.

किती वेळ गेला ते मला सांगता येत नाही. माझे खांदे भरून आले होते. मग एका फुंकरीनंतर त्यांची छाती माझ्याशिवाय उचलली गेली. घशातून एक ओढल्यासारखा आवाज आला, फार वाईट आवाज, जाऊबाईंना वाटलं गेलेच. मी त्यांना म्हटलं की हा चांगला आवाज आहे, असाच पाहिजे. गळ्यावर पुन्हा बोटं ठेवली. आत कोणीतरी दार ठोठावावं तशी नाडी लागत होती.

गावातल्या एकाचं लहान मालवाहू वाहन होतं, तो चिखलात अर्ध्यापर्यंत आला. बाकी आम्ही त्यांना ताडपत्रीतच उचलून नेलं. मी मागे त्यांच्याजवळ बसले, मान धरून. कामठ्याच्या अलीकडे रस्त्यावर बाभूळ आडवी पडली होती. गाडीवाला हिंदीत शिव्या देत उतरला, चहाच्या टपरीवरची माणसं धावली, झाड बाजूला ओढलं गेलं. गोंदियात शिरलो तेव्हा लाइट गेलेली होती आणि रस्त्यावर फलक, फांद्या, कोणाच्या तरी मंडपाचे रंगीत कापडाचे तुकडे. दवाखान्यात जनरेटर चालू होता. तिथल्या तरुण डॉक्टरनं सगळं बघून घेतलं, ईसीजी काढला आणि विचारलं, "सीपीआर किसने दिया?"

मी म्हटलं, मैंने.

तो म्हणाला, "पसली टूटी है एक." ती कट्कन वाजलेली बरगडी. आणि मग माझ्या पाठीवर थाप मारून पुढच्या पेशंटकडे गेला. नोकरीत मला प्रशस्तिपत्रं मिळाली आहेत, पण त्या थापेइतकं काहीच लक्षात राहिलेलं नाही.

पुढचे काही दिवस घरात दुसरंच वादळ होतं. भेटायला येणाऱ्या नातेवाइकांत एक-दोन बाया अशा होत्या की ज्यांना भासरे वाचले यापेक्षा मी त्यांच्या तोंडाला तोंड लावलं हे मोठं वाटत होतं. नारळ फोडा, देवाचं काही करा, तिला तोवर चुलीजवळ जाऊ देऊ नका, असं कुजबुजत चाललं होतं. मी ऐकलं आणि आपलं काम करत राहिले. मला खात्री होती की मी बरोबर केलं, आणि खात्री असली की वाद घालायची घाई नसते. नवऱ्याला मात्र राग आला होता. त्याला मी म्हटलं, थांब, हे तुझं-माझं काम नाही.

ते काम सासूबाईंनी केलं. त्या दवाखान्याच्या व्हरांड्यात बाकावर बसल्या होत्या, आसपास त्या बाया. त्या जुन्या वळणाच्या. घरातल्या सगळ्या रिती त्यांनीच सांभाळलेल्या. त्यांनी सगळं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "तिनं हात लावला म्हनून माझा पोरगा हाये. ज्यायले नारळ फोडाचा हाये त्यायनं आपल्या घरी फोडा." मग त्यांनी मला हाक मारून डबा उघडायला सांगितला आणि माझ्या हातून भाकरीचा तुकडा घेऊन त्या सगळ्यांसमोर खाल्ला. विषय तिथेच संपला.

भासऱ्यांना बरं व्हायला वेळ लागला. खांद्यापासून कमरेपर्यंत झाडाच्या फांद्यांसारखी लालसर नक्षी उमटली होती, ती थोड्याच दिवसांत पुसली गेली. डाव्या कानानं मात्र ऐकू येणं जवळजवळ बंद झालं. ते शुद्धीवर आले तेव्हा जाऊबाई नेमक्या त्याच बाजूला बसून काहीतरी सांगत होत्या आणि त्यांना काही पोचत नव्हतं. मी उजव्या बाजूला गोळ्या घेऊन उभी होते, पदर डोक्यावर. त्यांनी मान माझ्याकडे वळवली. मग बायकोच्या मार्फत नाही, भिंतीकडे बघूनही नाही, सरळ मला विचारलं, "धान भिजलं का?"

लग्न होऊन आल्यापासून ते माझ्याशी बोललेले हे पहिले शब्द. मला हसू आलं, रडूही आलं, पण उत्तर द्यायचं होतं. मी म्हटलं, "भिजलं. वाळवून राहिलो आमी."

ते म्हणाले, "पलटवत राहा. नाहीतर कोंब फुटते." आणि डोळे मिटले.

थोडं धान कोंब येऊन गेलंच. बाकीचं आम्ही अंगणात, रस्त्यावर, शाळेच्या पटांगणात जागा मिळेल तिथे पसरलं आणि वाचवलं. मजूर बाया न बोलावता आल्या होत्या. म्हातारे काका रोज सकाळी धान पलटवायला येऊन बसायचे. एकदा त्यांनी मला विचारलं, ते दाबाचं कसं असते, मले दाखव. मी तिथेच धानाचं पोतं आडवं घातलं आणि दाखवलं. बाकीच्या बायाही जमल्या.

तिथून ते सुरू झालं. आता उन्हाळा लागला की मी माझ्या गावांत हे शिकवते. लसीकरणाच्या दिवशी बाया जमलेल्याच असतात. कोंड्यानं भरलेलं पोतं आडवं घालते आणि एकेकीला दाबायला लावते. विजेच्या वेळी कुठे थांबायचं, कुठे नाही, तेही सांगते. मागच्या उन्हाळ्यात एका नव्या नवरीनं तोंड पदरात झाकून विचारलं होतं, "अन् समोर भासरा पडला असन तं?" सगळ्या हसल्या, मग सगळ्या माझ्याकडे बघायला लागल्या. त्यांच्यातल्या निम्म्यांना माझी हकीकत ठाऊक होती. मी म्हटलं, "दाबायचं. ईज विचारत नाही तो तुमचा कोन लागते." ती मान हलवून पोत्याजवळ आली आणि इतक्या जोरानं दाबलं की शिवण उसवली.

या वर्षीही चैतापासून वादळं आली. पेरा आम्ही लवकर केला होता, आणि कडपा बांधीत पसरून ठेवणं भासऱ्यांनी बंद केलं आहे. यंत्र उतरेल तेवढंच उन्हाळी लावायचं, उरलेल्या जागेत मका, असं त्यांनीच ठरवलं. घरात यावर बराच खल झाला. त्यांच्या उजव्या बाजूला बसून मीही बोलले, मक्याला रानडुकरांचा त्रास होईल म्हणाले. त्यांनी ऐकून घेतलं आणि कुंपणाचं पाहू म्हणाले. पदर मी अजून घेते. कोणी सांगत नाही, मला घ्यावासा वाटतो.

कापणी संपली त्या दुपारी पुन्हा बालाघाटकडून काळं चढत आलं. आम्ही सगळे वेळेत घरी होतो, ओसरीवर. लाइट गेली, कौलांवर गारा तडतडल्या, अंगणातली प्लास्टिकची बादली गडगडत फाटकापर्यंत गेली. जाऊबाईंनी कांदा कापायला घेतला, सासूबाई म्हणाल्या भजी करा, आणि मी चुलीजवळ जाऊन कढई ठेवली.